डॉक्टरांच्या पडद्यावरचे ओरखडे

आयुष्यभर काय काम केलंत असं कोणी विचारलं, की मी सांगतो, किडे पुसले. लोकांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय. नांदुऱ्याच्या स्टेशनाजवळच्या गॅरेजात मी तीसेक वर्षं मिस्त्री होतो. इंजिनं खोलली, पंक्चरं काढली, कार्बुरेटर साफ केले. हे सगळेच मिस्त्री करतात. पण मोटरसायकलच्या पुढच्या पडद्यावर चिकटलेले किडे एकही ओरखडा न उमटवता काढायचे, तर लोक माझ्याकडेच येत. "गफूर मिस्तरीच्या हाताले दे," असं म्हणत. या नावाचा मला गर्व होता, आणि याच नावापायी मी एका बाईशी फार वाईट वागलो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काही लिहा म्हटलं, तेव्हा मी आधी पंक्चरवर चार पानं लिहिली. ती वाचताना मलाच झोप आली. म्हणून आता हे लिहायला घेतलं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आमचं वऱ्हाड तेव्हा सी.पी.ला, म्हणजे मध्य प्रांताला जोडलेलं, मोठा कारभार सगळा नागपुरातून चाले. लष्कराच्या जुन्या मोटरसायकली तिथे लिलावात निघाल्या आणि कापसाच्या पैशावर आमच्याकडे येऊन पोचल्या. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळे बऱ्याच गाड्या महिन्यातले वीस दिवस दारातच उभ्या असत. त्यांतल्या थोड्या गाड्यांना हँडलच्या वर एक पारदर्शक ताव बसवलेला असे. वारा, धूळ आणि पाखरं, म्हणजे उडते किडे, तोंडावर येऊ नयेत म्हणून. शिकलेले लोक त्याला विंडशील्ड म्हणत, आम्ही पडदा म्हणायचो. दिसायला तो काचेसारखा, पण काच नव्हे. काचेला नखानं टिचकी मारली तर ती टणकन वाजते, हा नुसता टप् करायचा. वाकायचा, पण फुटायचा नाही. अवगुण एवढाच, की त्याचं अंग फार नाजूक.

आमच्याकडे दिवेलागणीच्या आधी घरोघरी कंदिलाची काच राखेनं घासत. चुलीतली राख, चिंधी आणि दोन फुंकरा, की काच लखलखीत. त्यामुळे पडदा पाहिला की माणसाचा हात आपोआप राखेकडे जाई. राखेनं काच उजळते, पडदा मात्र आंधळा होतो. रॉकेलचा बोळा फिरवला तर त्यावर दूध सांडल्यासारखी सायच धरते. शिवाय किडा साधा नसतो. पावसाळा सरता सरता ज्वारी-कपाशीतून उडणारे भुंगेरे, नाकतोडे, हिरवी पाखरं गाडीवर आपटतात आणि उन्हानं डिंकासारखी वाळतात. त्यांच्या पाठीचं टरफल कडक असतं. कोरड्या फडक्यानं घासलं, की आपण ते टरफलच पडद्यावर ओढत असतो.

यावर इलाज म्हणजे घाई न करणं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर घ्यायचं, त्याचे काठ फाडून टाकायचे. ते पाण्यात बुडवून, न पिळता, तसंच पडद्यावर पसरायचं आणि एक विडी सावकाश ओढून होईपर्यंत हात लावायचा नाही. किडा फुगून आपणहून सुटतो. मग वरून पाण्याची धार सोडायची. जे उरेल ते रिठ्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं वरून खाली उचलायचं, आणि दर खेपेला फडक्याची नवी घडी. गोल गोल फिरवायचं नाही. बोटातली अंगठी आधी काढून ठेवायची. एवढंच आहे. हे ऐकून लोक म्हणत, यात काय अवघड? तेच लोक आठ दिवसांनी घासलेला पडदा घेऊन येत.

सगळ्यांनाच पडदा स्वच्छ हवा असे असंही नाही. वरवट बकालचे एक पाटील होते, हौशी माणूस. त्यांच्या पडद्यावर हाताएवढी जागा मोकळी नसे. मी ओलं फडकं घेऊन पुढे झालो, तर मला अडवलं. "राहू दे बे ते किडे," म्हणाले. "गावातले लोक पाह्यतात. जेवढे किडे तेवढी गाडी पळाली." पुढचं दिसत नसल्यामुळे पाटील मान पडद्याच्या बाहेर काढून गाडी चालवत. सुगीनंतर एक दिवस गाडी ढकलत माझ्याकडे आले. पडद्यात, दिव्यात आणि त्यांच्या मिशीत कडब्याचं पान अडकलं होतं. कडब्याची गंजी रस्त्यात मधेच कोणी रचली याचा राग ते वाटभर करत आले होते. गाडी लावून एवढंच म्हणाले, "पुस आता." मी हसलो नाही. गिऱ्हाइकासमोर न हसणं हाही धंद्याचा भाग आहे.

डॉक्टर सोमणांची गोष्ट वेगळी होती. ते पुण्याकडचे, नांदुऱ्यात दवाखाना टाकून राहिलेले. मोटरसायकलवरून खेड्यापाड्यांत जाणारा आमच्या भागातला तो एकच डॉक्टर. त्यांना डोळा एकच होता. डावा डोळा कार्तिकातल्या एका संध्याकाळी भुंगेरा आपटून गेला. आधी लाल झाला, मग पिकला, मग गेलाच. त्यानंतर त्यांनी नागपूरच्या लिलावातून पडदा मिळवला आणि माझ्याकडून गाडीला बसवून घेतला. तसा दुसरा पुन्हा मिळण्याची आशा नव्हती. बसवून झाल्यावर म्हणाले, "गफूर, डोळा एकच उरलाय आणि पडदाही एकच आहे. दोन्ही तुझ्या हवाली." हे मी त्या वेळी चारचौघांत मिरवलं होतं.

एका सकाळी डॉक्टर गडबडीत आले. वडनेर भोलजीच्या पार्बताबाईची सून बाळंतपणानंतर तापानं फणफणली होती. आदल्या दिवशीचे किडे पडद्यावर वाळून बसले होते. "पटकन पूस," म्हणाले, आणि बॅग हातात धरून उभे राहिले. ओल्या फडक्याला वेळ लागतो हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. गफूर मिस्त्रीला आता उशीर लागतो, असं त्यांना वाटू नये असं मला वाटलं. मी मागच्या खोलीतून मूठभर रुई आणली.

मी जातीचा पिंजारी. वडिलांनी जन्मभर रुई पिंजली, गाद्या-रजया भरल्या. आमच्या मुलखात रुईहून मऊ काही असतं यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि माझा तर नाहीच. वडील मात्र नेहमी म्हणत, "रुई का भरोसा मत कर. पहले झटक, फिर हाथ लगा." ती रुई न पिंजलेली होती. मी ती झटकली नाही, भिजवली नाही, तशीच पडद्यावर चार-सहा वेळा लांब ओढली. गॅरेजच्या सावलीत पडदा झकास चमकला. डॉक्टर "शाबास" म्हणून गेले.

ते गेल्यावर हातातला बोळा उलटा केला. आत सरकीच्या टरफलांचे काळे तुकडे होते, बारीक रेती होती, आणि भुंगेऱ्याची पाठ होती. अंगठ्याला टोचली. त्याच क्षणी मला कळलं काय झालंय ते. मी बोळा नालीत टाकला आणि दुसऱ्या गाडीचं चाक खोलायला बसलो.

पुढचं मला डॉक्टरांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. सकाळचं ऊन पाठीशी असताना ते वडनेरला पोचले, तेव्हा पडद्यावर काही दिसलं नाही. दिवसभर सुनेजवळ थांबले, औषध लागू पडलं, ताप उतरला. आमच्याकडे दारी आलेल्या पाहुण्याच्या बैलांना चारा-पाणी करतात, त्यांची पाठ पुसतात. पाहुणा आतच बसलेला असतो, हे काम न सांगता होतं. मोटरसायकल चारा खात नाही, म्हणून पार्बताबाईनं तिचा दिवा घासायला घेतला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तिच्या हाताला राख होती. ते हसले आणि तसेच पुढे मलकापूरच्या वाटेला दुसऱ्या रोग्याकडे निघाले. तोवर सूर्य उतरला होता आणि रस्ता सरळ पश्चिमेला. तिरकं ऊन पडद्यावर पडताच सगळ्या रेघा पेटल्या आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. ब्रेक दाबला तेव्हा समोरच्या गाडीच्या बैलांची शिंगं हातभर अंतरावर होती.

ते तसेच वडनेरला परत फिरले. पार्बताबाईच्या दारात, चार माणसांसमोर म्हणाले, "आजी, तुमच्या सुनेला मी बरं केलं, आणि तुम्ही माझा उरलेला डोळा घ्यायला निघालात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडदा माझ्यासमोर उन्हात धरला. "बघ म्हातारीनं राखेनं काय करून ठेवलंय. हे राखेचंच ना?" मी पाहिलं आणि मान हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागलं नाही.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी दुपारनंतर पश्चिमेकडच्या गावांना जाणं बंद केलं. पडदा लावावा तर दिसत नाही, काढावा तर डोळ्याची भीती. मी तो पॉलिश करून पाहीन म्हणालो आणि काढून ठेवून घेतला. सकाळच्या थंडीत पाखरं नसतात, तेव्हा ते चष्म्यावर भागवत. वडनेरला संध्याकाळी कोणी आजारी पडलं, की बैलगाडीत घालून नांदुऱ्याला आणायचं. हे कोणामुळे, तर पार्बताबाईच्या राखेमुळे. गाव असलं काही विसरत नाही.

बाजाराच्या दिवशी ती स्वतः गॅरेजात आली. साठीची, उंच, अंगानं वाळकी बाई. डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि सरळ विचारलं, "डॉक्टरचा पडदा तुमच्यापाशी हाय म्हनतात. दाखवा."

मी दाखवला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून दारातल्या उजेडाकडे केला. बराच वेळ पाहत राहिली.

"मिस्तरी, मी जनमभर कंदील घासले. राखेनं घासलं तं कसं होते मले मालूम हाय. समदं सारखं पांढुरकं होते. ह्या तं रेघा हायेत. लांब लांब, एका दिशेच्या. ह्या राखेच्या हायेत काय?"

मी म्हणालो, "उन्हात नीट पाहावं लागेल."

"मंग पाहा. मी दिव्याले राख लावली, हाव. पडद्याले बोट नाई लावलं. पन माह्यं कोन आयकते? हिरीवर बाया मले पाहून बोलाच्या थांबतात. सून रडून राह्यली, का माह्या बाळंतपनापायी तुमाले आयकावं लागलं. तुमी जानकार मानूस हा. तुमी सांगतलं तं डॉक्टर आयकतीन."

"पाहातो, बाई."

"पाहातो नका म्हनू. सांगा."

तिच्या गावाकडची सर्व्हिस मोटर सुटायची वेळ झाली होती. ती गेली. माझ्याकडे न्याय मागायला आलेली ती पहिली आणि शेवटची गिऱ्हाईक. डॉक्टरांचा दवाखाना माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता. मी आठ दिवस तिकडे फिरकलो नाही. रोज ठरवायचो आणि रोज काही ना काही काम काढायचो. खरं सांगायचं तर मला भीती डॉक्टरांची नव्हती. पिंजाऱ्याच्या पोरानं रुईनं पडदा घासला, असं लोक म्हणतील याची होती.

नवव्या दिवशी दुपार टळल्यावर वडनेरहून माणूस आला. एक बाई अडली होती, बैलगाडीत घालून आणण्यासारखी स्थिती नव्हती. डॉक्टर 'नाही' म्हणू शकले नाहीत. पडदा माझ्याकडे होता. त्यांनी चष्मा लावला, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि त्या माणसाला मागे बसवून निघाले. गावाच्या अलीकडे कोसभर, चष्म्याच्या कडेनं एक पाखरू आत शिरलं. गाडी तिथेच सोडून, डोळा दाबून धरून, बरोबरच्या माणसाच्या हाताला धरून ते गावात पोचले. सुईणीला तोंडानं सांगत सांगत त्यांनी ती बाई सोडवली. बाळ-बाळंतीण सुखरूप. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बैलगाडीतून परत आले, डोळ्यावर पट्टी. अकोल्याहून डोळ्यांचे डॉक्टर येऊन पाहून गेले. चार दिवस पट्टी सोडायची नाही, डोळा राहिला की गेला ते सोडल्यावरच कळेल, असं म्हणाले.

मी त्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो. ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते.

"कोण?"

"मी, गफूर."

"बस. पडद्याचं काही झालं?"

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. रुईचं, बोळ्याचं, नालीत टाकल्याचं, मान हलवल्याचं. पार्बताबाई येऊन गेल्याचंही. बोलताना मला हलकं वाटत होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझे दोन्ही डोळे बंद असताना तुला हे सुचलं, गफूर."

त्यांनी पट्टीवर हात ठेवला.

"त्या बाईला हे माहीत आहे?"

"तिनं काही केलं नाही, एवढं तिला माहीत आहे साहेब. फक्त कोणी मानत नाही."

"चार लोकांसमोर मी तिला बोललो. मला आता उठता येत नाही. तू जा. उद्या जा, भर दुपारी, सगळे असताना. माझ्या तर्फे माफी माग आणि मग तुझं सांग. डोळ्याचं काय होतं याची वाट पाहू नकोस."

ही शेवटची गोष्ट त्यांनी बरी ओळखली. डोळा वाचला तर सांगायची गरज नाही, असं मी मनात कुठेतरी धरलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सायकलनं वडनेरला गेलो. पार्बताबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. सून दारात, मांडीवर बाळ. शेजारपाजारचे जमले, विहिरीवरच्या बायाही आल्या. मी आधी डॉक्टरांची माफी सांगितली. मग म्हणालो, "रेघा माझ्या हातच्या आहेत. राखेच्या नाहीत. मी कोरड्या रुईनं घासलं होतं." कोणीतरी मागून म्हणालं, "आँ? मिस्तरीनंच?" एक जण हसलाही. पार्बताबाईनं सूप खाली ठेवलं.

"मी दुकानात आली, तवा तुमाले मालूम होतं?"

"हो."

"पडदा माह्या हातात होता तवा?"

"हो."

"मंग मले तशीच परत काऊन जाऊ देलं?"

मी उत्तर जुळवायला लागलो. धंदा, नाव, लोक काय म्हणतील, असं काहीतरी तोंडाशी आलं. तिच्या सुनेसमोर ते बोलवेना. थोड्या वेळानं पार्बताबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. लोक पांगले. मला कोणी जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही.

डॉक्टरांचा डोळा वाचला. पट्टी सोडली तेव्हा त्यांना आधी खिडकीचे गज दिसले, मग मी. तो डोळा पुढे थोडा अधू राहिला, पण रस्ता दिसण्यापुरता पुरला. सोनार शेवटचा उजाळा द्यायला वापरतो ती मऊ भुकटी मी मागून आणली. तेलात कालवून, चांगल्या पिंजलेल्या रुईनं, पंधरा दिवस पडदा उजळत बसलो. रेघा पार गेल्या नाहीत, पण उन्हात पेटायच्या थांबल्या. डॉक्टर पुन्हा संध्याकाळचे वडनेरला जाऊ लागले. गाडीचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं नाही. फक्त गाडी पुसून होईपर्यंत ते आता माझ्या हातांकडे पाहत उभे राहत.

ओल्या फडक्याची रीत पार्बताबाईला डॉक्टरांनीच सांगितली. गाडी तिच्या दारात थांबली, की ती भिजवलेलं धोतर पडद्यावर पसरी, धार सोडी, घडी बदलून बदलून किडे उचली. इतकं नीट, की मला नाव ठेवायला जागा नसे. कधी कधी डॉक्टर मला मागच्या सीटवर घेऊन जात. पहिल्या खेपेला मी सवयीनं फडक्याकडे हात नेला, तर ती शांतपणे म्हणाली, "तुमी बसा, मिस्तरी." रागानं नाही, टोमण्यानंही नाही. मी ओट्यावर बसलो. तिनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागली.

ती होती तोवर असंच चाललं. पाणी दर खेपेला दिलं. फडकं एकदाही दिलं नाही.